‘डेडिकेटेड’ बॅकएंड विकासकाची नेमणूक : उक्ते, रोजंदारी व सालदारी यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९७४ ते २०१५)

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते संकेतस्थळाचे केवळ दर्शनी अंग असते. तिकिटाचे आरक्षण, वस्तूची खरेदी किंवा बँकेतील व्यवहार ज्या यंत्रणेच्या आधारे पार पडतो, ती यंत्रणा पडद्यामागे असते. माहितीचा साठा सांभाळणे, आलेल्या विनंतीला उत्तर देणे, व्यवहाराची अचूक नोंद ठेवणे ही तिची कामे. संगणक व्यवसायात तिला ‘बॅकएंड’ असे म्हणतात. वापरणाऱ्यांची संख्या शंभरावरून काही लाखांवर गेली तरी ही यंत्रणा कोलमडू नये, या तिच्या गुणाला विस्तारक्षमता म्हटले जाते.

अशा यंत्रणेसाठी एखाद्या विकासकाला पूर्णवेळ आणि केवळ एकाच ग्राहकाच्या कामासाठी नेमून घेण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ होत गेली. अशा विकासकाला व्यवसायात ‘डेडिकेटेड’ विकासक म्हणतात. अनेकदा तो पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद येथे बसून परदेशातील ग्राहकाचे काम करतो. त्याचा पगार एक कंपनी देते, परंतु त्याचे दिवसाचे काम दुसरी कंपनी ठरवते. ही पद्धत सामान्यतः इंटरनेटचे अपत्य मानली जाते. हे मत अंशतःच खरे आहे.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) प्रोग्रामरचा वेळ विकत घेण्याच्या पद्धतीचा भारतातील उगम शोधणे.
२) वेब सेवांच्या उदयामुळे या पद्धतीत झालेल्या बदलांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) या पद्धतीतील करार, मालकी आणि ज्ञान यांच्या परस्परसंबंधांची चिकित्सा करणे.

हा अभ्यास प्रकाशित ग्रंथ, कायदे व धोरणविषयक माहिती अशा दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. उक्ते, रोजंदारी आणि सालदारी

श्रमाच्या खरेदीचे तीन प्रकार महाराष्ट्राच्या ग्रामजीवनाला फार पूर्वीपासून परिचित आहेत. विहीर खोदून देण्याचे काम उक्ते दिले जाते. तेथे ठरलेली रक्कम कामाची असते, काम किती दिवसांत झाले याची नसते. खुरपणी किंवा कापणी रोजंदारीवर होते. तेथे दिवस मोजला जातो. तिसरा प्रकार सालदाराचा. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला बोली होऊन तो वर्षभरासाठी एकाच शेतकऱ्याकडे राहतो. त्याच्याकडून अमुक एक काम अपेक्षित नसते. गुरे, पाणी, राखण, पेरणी असे जे पुढे येईल ते त्याने पाहायचे असते.

संगणक व्यवसायातील करारांचेही असेच तीन वर्ग पडतात : ठरलेल्या किमतीचा करार, प्रत्यक्ष वेळेनुसार आकारणीचा करार आणि डेडिकेटेड विकासकाचा करार. साम्य दाखवताना मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. सालदार बहुधा उचलीच्या ओझ्याखाली बांधला गेलेला असे. संगणक विकासकाचे शिक्षण, वेतन आणि सामाजिक स्थान त्याच्याशी तुलना करण्याजोगे नाही. तरीही मालक नेमके काय विकत घेतो, या प्रश्नापुरते हे वर्गीकरण उपयुक्त आहे. उक्त्यात वस्तू विकत घेतली जाते, रोजंदारीत वेळ, आणि सालदारीत जबाबदारी.

२. यंत्राच्या बदल्यात श्रम : १९७४ ते १९८४

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. फकीरचंद कोहली तिचे आरंभीचे सूत्रधार होते. त्या काळी परकीय चलनाची टंचाई होती आणि संगणकाची आयात अत्यंत कठीण होती. सरकारच्या सत्तरच्या दशकातील धोरणानुसार, आयात केलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट मूल्याचे सॉफ्टवेअर पाच वर्षांत निर्यात करण्याची हमी दिली तर यंत्र आणण्यास परवानगी मिळत असे. टीसीएसने १९७४ मध्ये ही अट स्वीकारून अमेरिकेतील बरोज कंपनीशी संबंध जोडला. बरोजच्या एका प्रकारच्या यंत्रासाठी लिहिलेली रुग्णालयीन प्रणाली दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर चालेल अशी रूपांतरित करणे, हे आरंभीचे एक महत्त्वाचे काम. ते मुंबईतच पार पडले. १९७३ मध्ये अंधेरीला स्थापन झालेले सीप्झ हे निर्यात क्षेत्र पुढे अशा कामांचे केंद्र बनले.

पुण्याचे स्थानही या इतिहासात महत्त्वाचे आहे. नरेंद्र पटणी यांनी १९७८ मध्ये पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सची स्थापना केली. या कंपनीच्या पुणे येथील कार्यालयात काम केलेल्या नारायण मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यातच इन्फोसिसची मुहूर्तमेढ रोवली. कंपनीचे पहिले ग्राहक अमेरिकेत होते आणि संस्थापकांपैकी बहुतेकांना सुरुवातीची काही वर्षे तेथेच जाऊन काम करावे लागले.

काम पाठवण्याऐवजी माणूस पाठवावा लागला, याचे कारण तांत्रिकही होते आणि आर्थिकही. वेगवान दळणवळण उपलब्ध नव्हते. नवे यंत्र भारतात आणणे महाग होते. परंतु ते यंत्र ग्राहकाच्या कार्यालयात उभेच होते. परिणामी भारतीय कंपन्यांच्या निर्यातीचा मोठा भाग प्रोग्रामरला ग्राहकाच्या ठिकाणी बसवून होऊ लागला. या व्यवहाराला ‘बॉडी शॉपिंग’ असे काहीसे हेटाळणीचे नाव पडले. देयकावर प्रणालीचे नाव नसे. किती माणसे आणि किती महिने, एवढाच हिशेब असे.

गंमत अशी की, ज्या काळात हा हिशेब रुळत होता त्याच काळात त्याच्या पायालाच आव्हान दिले गेले होते. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीच्या उभारणीचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांचा ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे आणि महिने यांची परस्पर अदलाबदल होऊ शकत नाही. रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातल्यास ते अधिकच रखडते, असे त्यांनी दाखवून दिले. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्याचा वेळ जातो, हे त्यामागील प्रमुख कारण. म्हणजेच प्रोग्रामरचे मूल्य त्याच्या तासात नसून त्याला प्रणालीविषयी असलेल्या आकलनात असते. व्यवसायाने हा ग्रंथ डोक्यावर घेतला, पण देयके मात्र मनुष्य-महिन्यातच लिहिली जात राहिली.

३. उपग्रह, उद्यान आणि व्हिसा : १९८४ ते २०००

१९८४ चे संगणक धोरण आणि १९८६ चे सॉफ्टवेअर धोरण यांनी आयातीवरील बंधने सैल केली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूर येथे केंद्र काढून स्वतंत्र उपग्रह जोडणीद्वारे काम परदेशी पाठवण्यास सुरुवात केली. १९९० मध्ये पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने उभी राहिली व १९९१ मध्ये त्यांचे एका राष्ट्रीय संस्थेत एकत्रीकरण झाले. उद्यानांनी लहान कंपन्यांनाही उपग्रह जोडणी उपलब्ध करून दिली. माणूस न हलवता त्याचा वेळ विकणे आता शक्य झाले.

तथापि माणसांचे जाणे थांबले नाही. अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरवली होती. ती १९९९ साठी १,१५,००० व २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० करण्यात आली. सन २००० च्या तारीख-समस्येमुळे जुन्या प्रणाली तपासणाऱ्या मनुष्यबळाची मागणी एकाएकी वाढली होती. समाजशास्त्रज्ञ शिआंग बिआओ यांनी ‘ग्लोबल बॉडी शॉपिंग’ (२००७) या ग्रंथात हैदराबाद ते सिडनी या साखळीचा अभ्यास करून एक महत्त्वाची बाब दाखवली. काम नसलेल्या काळात प्रोग्रामरला ‘बेंच’वर बसवले जाई आणि मंदीचा भार मध्यस्थांमार्फत शेवटी त्याच्यावरच पडे. ग्राहकाला हवा तेव्हा माणूस मिळावा आणि नको तेव्हा सोडता यावा, ही या व्यवस्थेची खरी विक्रीयोग्य वस्तू होती.

४. वस्तूकडून सेवेकडे : १९९५ ते २०१५

रुग्णालयीन प्रणाली रूपांतरित करून दिली की ते काम संपत असे. तारीख-समस्येचे कामही संपणारे होते. वेबने हे स्वरूप बदलले. अपाचे सर्व्हर, पीएचपी भाषा आणि मायएसक्यूएल हा माहितीसाठा १९९५ च्या आसपास उपलब्ध झाल्यानंतर लहान उद्योजकालाही संकेतस्थळ चालवणे परवडू लागले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

संकेतस्थळ चालू झाल्यावर खरे काम सुरू होते, हे १९९९ पर्यंत स्पष्ट झाले. त्या वर्षी जूनमध्ये ईबे या लिलाव संकेतस्थळाची सेवा सुमारे २२ तास बंद पडली. चालू लिलाव अडकले आणि कंपनीच्या समभागांची किंमत कोसळली. पुढील दोन महिन्यांत कंपनीने तंत्रविभागाची सूत्रे मेनार्ड वेब यांच्याकडे सोपवली. याच वर्षी डॅन केगेल यांनी एकाच सर्व्हरवर एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न जाहीरपणे मांडला. दहा माणसांसाठी अचूक चालणारा प्रोग्राम दहा हजारांसाठी निरुपयोगी ठरू शकतो. कोणत्या तक्त्यावर ताण येतो, कोणती माहिती तात्पुरत्या साठ्यात ठेवावी, कोणते काम रांगेत टाकावे, याचे ज्ञान पुस्तकातून पूर्णपणे मिळत नाही. ती विशिष्ट प्रणाली चालताना पाहूनच ते येते.

पुढील दशकात मोठ्या कंपन्यांनी याची संघटनात्मक उत्तरे शोधली. गूगलने २००३ मध्ये सेवेची विश्वासार्हता सांभाळणारा स्वतंत्र अभियंतावर्ग निर्माण केला. ज्या गटाने सेवा बांधली त्यानेच ती चालवावी, हे ॲमेझॉनचे सूत्र वर्नर व्होगेल्स यांनी २००६ मध्ये मांडले. त्याच वर्षी ॲमेझॉनने साठवण व संगणनशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला. यंत्र तासाच्या दराने मिळू लागल्याने लहान कंपनीची यंत्राची अडचण संपली. अनुभवी माणसाची अडचण मात्र राहिली. ती भागवण्यासाठी भारतातील कंपन्यांकडे तयार असलेली पद्धत उपयोगी पडली. १९९० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सने इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअर उत्पादनांचा विकास हेच आपले क्षेत्र मानले. अशा कामात ग्राहकाच्या उत्पादनाशी दीर्घकाळ जोडलेला गट आवश्यक असतो. दुसऱ्या टोकाला ईलान्स (१९९९) व ओडेस्क (२००३) या कंपन्यांनी सुट्या व्यक्तीची परस्पर नेमणूक शक्य केली. ओडेस्कच्या पद्धतीत काम करणाऱ्याच्या पडद्याची छायाचित्रे ठरावीक अंतराने घेतली जात. या दोन कंपन्या एकत्र येऊन २०१५ मध्ये अपवर्क हे नाव रूढ झाले.

येथे या पद्धतीतील मूलभूत विसंगती दिसून येते. ग्राहकाला सालदार हवा असतो : मध्यरात्री सेवा बंद पडली तर उठणारा, पुढील वर्षीची वाढ आज ओळखणारा. मोजमाप मात्र रोजंदारीचे असते. पडद्याचे छायाचित्र हाताची हालचाल नोंदवते. एखादी चूक होण्यापूर्वीच टाळली गेली, याची नोंद त्यात होत नाही.

५. करार, मालकी आणि ज्ञान

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामही या कायद्याच्या कक्षेत आला. डेडिकेटेड विकासकाचा नियोक्ता पुण्यातील कंपनी असते व लाभार्थी परदेशातील ग्राहक. त्यामुळे हक्कांचे लेखी हस्तांतरण अनिवार्य ठरते. कलम १९ नुसार हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. घाईने केलेल्या करारात ग्राहकाला याची जाणीव नसणे संभवनीय आहे.

एकनिष्ठतेच्या अटीविषयी भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ महत्त्वाचे आहे. व्यवसायास प्रतिबंध करणारा करार त्यानुसार निरर्थक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सेंच्युरी स्पिनिंग खटल्यात याचा उलगडा केला. प्रकरण कल्याण येथील कारखान्यातील प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे होते. कराराच्या मुदतीत अन्यत्र काम न करण्याची वाजवी अट न्यायालयाने ग्राह्य धरली. मुदत संपल्यानंतरचा प्रतिबंध मात्र कलम २७ च्या कसोटीवर टिकणे कठीण असते. म्हणजे विकासकाचा वेळ बांधून घेता येतो. त्याचे आकलन बांधून घेता येत नाही. प्रोग्रामची मालकी ग्राहकाकडे जाते, परंतु तो प्रोग्राम तसाच का लिहिला, याची स्मृती लिहिणाऱ्याबरोबर निघून जाते.

निष्कर्ष

१) डेडिकेटेड विकासकाची पद्धत वेबने निर्माण केली नाही. परकीय चलनाची टंचाई, यंत्रांच्या आयातीवरील अटी आणि व्हिसा यांतून रुळलेली वेळविक्री ही तिची पूर्वपीठिका आहे.

२) वेबमुळे सॉफ्टवेअर ही संपणारी वस्तू न राहता अखंड सेवा झाली. त्यामुळे एका माणसाने एका प्रणालीशी दीर्घकाळ जोडलेले राहणे ही खरी गरज बनली.

३) गरज जबाबदारीची आणि मोजमाप तासांचे, ही विसंगती कायम आहे. नेमणूक करताना तासाचा दर पाहण्याऐवजी कामाची सलगता, निर्णयांच्या कारणांची लेखी नोंद, रात्रीच्या जबाबदारीचा स्वतंत्र मोबदला आणि हक्कांचे स्पष्ट हस्तांतरण यांना प्राधान्य देणे इष्ट ठरते.

४) बेंचचा अनुभव सांगतो की, या व्यवस्थेतील लवचिकतेची किंमत प्रामुख्याने काम करणाऱ्याने मोजली. स्वतःच्या नावावर प्रोग्राम नाही आणि अनुभवाचा लेखी पुरावाही नाही, अशी त्याची स्थिती होऊ शकते.

महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी प्रोग्राम लिहिण्याची परीक्षा देऊन या व्यवस्थेत प्रवेश करतो. तेथे त्याच्याकडून दुसऱ्याने लिहिलेली, चालू असलेली आणि बंद पडू न देता बदलण्याची प्रणाली सांभाळण्याची अपेक्षा असते. आपल्या श्रमाचा कोणता भाग विकला जातो आणि कोणता आपल्याजवळ राहतो, हे त्याला करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी कळणे आवश्यक आहे. या दृष्टीने संगणकशास्त्राच्या अध्यापनात श्रमाच्या इतिहासाला आणि करारविषयक कायद्याला स्थान मिळाल्यास ते उपकारक ठरेल.