बाबूराव पेंटर : चित्रकला, नेपथ्य व वेशभूषेतून घडलेला चित्रपट

प्रस्तावना :
चित्रपट, वेशभूषा, वास्तुरचना आणि समकालीन कला अशा विविध क्षेत्रांत एकाच वेळी संचार करणाऱ्या दिग्दर्शकाकडे आज आंतरविद्याशाखीय कलावंत म्हणून पाहिले जाते. ही प्रवृत्ती अलीकडची आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. महाराष्ट्रातील चित्रपटाचा प्रारंभकाळ पाहिल्यास तो टिकत नाही. दादासाहेब फाळके हे जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे शिकले, छायाचित्रण व मुद्रणाच्या व्यवसायात राहिले आणि १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी हाच मार्ग पुढे नेला. बाबूरावांचे कार्य केवळ चित्रपटाच्या इतिहासातून समजत नाही, ते कलांच्या परस्परसंबंधांतून अभ्यासावे लागते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नाटकाच्या पडद्यापासून नेपथ्यापर्यंत :
बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव. 'पेंटर' ही व्यवसायाने दिलेली ओळख होय. कलाशाळेचे शिक्षण न घेता त्यांनी हातात ब्रश धरला. बंधू आनंदराव यांच्यासमवेत त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. महाल, अरण्य, राजमार्ग यांचा सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करणे हे या कामाचे मर्म होते. फाळके यांच्या चित्रपटाने प्रभावित होऊन दोघे बंधू या माध्यमाकडे वळले व स्वतःचा कॅमेरा तयार करू लागले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. तरीही विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी कॅमेरा पूर्ण केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. गायिका तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य यात मोलाचे ठरले.

येथे एक महत्त्वाचा बदल घडला. आयुष्याची उमेदीची वर्षे पडदे रंगविण्यात घालविलेल्या या कलावंताने चित्रपटात रंगविलेल्या पडद्याऐवजी घन, त्रिमितीय नेपथ्य उभारले. सपाट पडद्याची मर्यादा त्यांच्याइतकी जवळून कोणाला ठाऊक असणार ? 'सिंहगड' (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर करून त्यांनी या वास्तूला छायाप्रकाशाची जोड दिली.

वेशभूषा आणि भित्तिपत्रक :
चित्रीकरणापूर्वी पात्रांचे पोशाख, हालचाली व प्रसंगरचना यांची रेखाटने करण्याची बाबूरावांची पद्धत होती. त्यामुळे वस्त्र, वास्तू आणि देह यांचा विचार एकाच कागदावर होत असे. 'सैरंध्री' (१९२०) मध्ये स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. रस्त्यावरून जाणाऱ्या सामान्य माणसाला ही चित्रकला विनामूल्य पाहावयास मिळाली, ही बाब कलेच्या सामाजिक इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

'सावकारी पाश' :
ना. ह. आपटे यांच्या कथेवर आधारित 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पुराणकथा व इतिहास यांच्या भव्य नेपथ्याकडून बाबूराव येथे गरिबाच्या झोपडीकडे वळले. मंद प्रकाशातील झोपडी व भुंकणारे कुत्रे हे दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. हा मूकपट आज उपलब्ध नाही. त्यामुळे अशी आठवण हेच इतिहासाचे साधन ठरते. कर्ज आणि स्थलांतर यांच्याशी परिचित असलेल्या मराठवाड्याच्या वाचकास या चित्रपटाचा आशय वेगळा सांगावयास नको.

वारसा :
दामले, फत्तेलाल व शांताराम हे याच कंपनीत घडले आणि १९२९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'प्रभात'ची स्थापना केली. बाबूरावांच्या चित्रपटांसाठी काम केलेले चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या कन्या भानू अथैय्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह कलावंतांसमवेत त्यांनी आपली चित्रे प्रदर्शित केली आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. कोल्हापूरच्या चित्रकाराच्या घरातून निघालेली वाट अशा रीतीने जागतिक वेशभूषेपर्यंत पोहोचली.

समारोप :
बाबूरावांचे बहुतांश मूकपट नष्ट झाले आहेत. ज्याच्या इतिहासाचे साधन केवळ चित्रफीत मानले, तो कलावंत चित्रफितीबरोबरच नाहीसा होतो. मात्र रेखाटने, भित्तिपत्रके, छायाचित्रे व समकालीनांच्या आठवणी एकत्र वाचल्या तर तो पुन्हा दिसू लागतो. आपल्या महाविद्यालयांत इतिहास, साहित्य, नाट्य व चित्रकला हे विषय वेगवेगळ्या विभागांत शिकविले जातात. बाबूरावांनी या भिंती कधी मानल्या नाहीत. गावोगावचे नाटकांचे जुने पडदे, जत्रेतील तंबू-सिनेमाच्या आठवणी आणि स्थानिक पेंटरांची कामे यांची नोंद विद्यार्थ्यांकडून आजच करून घेणे आवश्यक आहे. ही साधनेही हरवली, तर आपल्या भागातील दृश्यकलेचा इतिहास लिहिण्यास पुढील पिढीच्या हाती काहीच उरणार नाही.