कायेखोनेआदा

कायेखोनेआदा ही मध्य मेक्सिकोतील ग्वानाह्वातो या ऐतिहासिक शहरात सायंकाळी निघणारी, गायक-वादकांच्या पथकामागून पायी करावयाची नगरफेरी आहे. स्पॅनिश भाषेत ‘कायेखोन’ म्हणजे बोळ. त्यावरून हे नाव पडले. फेरीतील वेश, वाद्ये आणि दंतकथा पाहता ही प्रथा वसाहतकाळापासून चालत आली असावी, असा पाहुण्यांचा सहज समज होतो. प्रत्यक्षात ती विसाव्या शतकात येथे रुजली. जुने आहेत ते बोळ.

शहराची रचना

ग्वानाह्वातो हे त्याच नावाच्या राज्याची राजधानी असून समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर, एका अरुंद घळीत वसले आहे. सोळाव्या शतकात येथे चांदी सापडली आणि अठराव्या शतकात हे जगातील चांदीच्या उत्पादनाचे अग्रगण्य केंद्र बनले. सपाट जमीन फारशी नसल्याने घरे दोन्ही उतारांवर चढत गेली. त्यांच्यामध्ये उरलेली वाट म्हणजेच येथील बोळ. कित्येक ठिकाणी तो केवळ पायऱ्यांचा आहे आणि तेथे वाहन जाणे अशक्य आहे. शहरातून वाहणाऱ्या नदीला वारंवार पूर येत. १९०५ चा पूर विशेष विनाशकारी ठरला. पुढे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि तिच्या जुन्या पात्रातून भुयारी रस्ता काढण्यात आला. वाहनांची बरीचशी वर्दळ जमिनीखाली गेल्यामुळेच मध्यवस्तीत रात्री गात हिंडणे सुकर होते. जुने शहर आणि लगतच्या खाणी यांचा युनेस्कोने १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला.

फेरीचे स्वरूप

फेरीचा आरंभ बहुधा सान दिएगो चर्चच्या पायऱ्यांपाशी होतो. शेजारीच १९०३ मध्ये उद्घाटन झालेले हुआरेस नाट्यगृह आणि समोर ‘हार्दिन दे ला उनियोन’ ही छोटी बाग आहे. काळा मखमली अंगरखा, तोकडी विजार, लांब मोजे आणि रंगीत फिती लावलेला झगा अशा वेशातील पथक प्रथम तेथेच काही गीते सादर करते व मग बोळांकडे वळते. गिटार, मँडोलिन, खंजिरी आणि पाठीवर वागवण्याएवढा मोठा कॉन्ट्राबास ही वाद्ये चढावरही थांबत नाहीत. सहभागी होणाऱ्यांना ‘पोरोन’ नावाचे मातीचे छोटे भांडे दिले जाते. त्यात पूर्वी मद्य असे. आता पुष्कळदा फळांचा रसच असतो. मधूनमधून पथक थांबते, एखादी आख्यायिका सांगते, श्रोत्यांची थट्टा करते. हे सारे निवेदन स्पॅनिशमध्ये असल्याने परदेशी पाहुण्याच्या वाट्याला मुख्यतः संगीतच येते.

उगम

अशा पथकाला ‘एस्तुदिआंतिना’ म्हणतात. स्पेनमधील विद्यापीठांत गरीब विद्यार्थी गाणी म्हणून जेवण मिळवीत. ‘तुना’ या नावाने ओळखली जाणारी विद्यार्थी-पथके आपली परंपरा त्यांच्याशी जोडतात. ग्वानाह्वातोत या प्रथेची पूर्वतयारी रंगभूमीने केली. १९५३ मध्ये विद्यापीठातील दिग्दर्शक एन्रिके रुएलास यांनी सान रोके चौकात सेर्व्हांतेसच्या छोट्या प्रहसनांचे उघड्यावर प्रयोग सुरू केले. १९६० च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठाची एस्तुदिआंतिना उभी राहिली आणि १९७२ पासून आंतरराष्ट्रीय सेर्व्हांतिनो महोत्सव भरू लागला. सेर्व्हांतेस स्वतः मेक्सिकोत कधीही आला नव्हता, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे अनेक स्वतंत्र पथके निघाली. त्यांतील सर्वच वादक आज विद्यार्थी असतात असे नाही.

चुंबनाचा बोळ

अनेक फेऱ्यांचा शेवटचा टप्पा ‘कायेखोन देल बेसो’ म्हणजे चुंबनाचा बोळ हा असतो. अगदी अरुंद जागी त्याची रुंदी सुमारे ६८ सेंमी आहे आणि वरचे सज्जे जवळजवळ एकमेकांना भिडतात. श्रीमंत घरातील कार्मेन आणि गरीब खाणकामगार लुइस या सज्ज्यांतून भेटत. बापाने मुलीला खंजिराने मारले आणि लुइसने तिच्या निर्जीव हाताचे चुंबन घेतले, अशी दंतकथा सांगतात. तिचे अनेक पाठभेद आहेत. तिसऱ्या पायरीवर चुंबन घेणाऱ्या जोडप्याला सात वर्षे सुख लाभते, असा समज असल्याने तेथे रांग लागते.

खाणकामगार फेरीत येतो तो असा, प्रेमकथेचा नायक म्हणून. त्याचा खरा इतिहास मात्र थोड्याच अंतरावर आहे. २८ सप्टेंबर १८१० रोजी मिगेल इदाल्गो यांच्या बंडखोर सैन्याने ‘आलोंदिगा दे ग्रानादितास’ या धान्यकोठारात आश्रय घेतलेल्या स्पॅनिशांवर हल्ला केला. पाठीवर दगडी फरशी घेऊन कोठाराचे दार पेटवणारा खाणकामगार ‘पिपिला’ या नावाने लोकस्मृतीत राहिला. बंड मोडल्यावर इदाल्गो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांची शिरे याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर टांगण्यात आली. १८२१ पर्यंत ती तेथेच होती. ही इमारत आता संग्रहालय आहे. १९३९ मध्ये उभारलेला पिपिलाचा भव्य पुतळा नाट्यगृहामागच्या टेकडीवर असून, फेरी सुरू होते त्या बागेतूनही तो रात्रीच्या प्रकाशात दिसतो.

इतर शहरे

साकातेकास या चांदीच्याच दुसऱ्या शहरातही कायेखोनेआदा निघते. तेथे तंतुवाद्यांऐवजी ढोल आणि पितळी वाद्यांचा ताफा असतो, पेय मेस्काल असते आणि ते वाहून नेण्यासाठी सोबत गाढव चालते.