थंड इंजिन आणि चालकाचा हात



सायकलच्या चाकात हवा भरून झाली की पंपाचे खालचे टोक हाताला चांगलेच गरम लागते. हवा दाबली की तापते, हेच त्याचे मुख्य कारण. डिझेल इंजिनाचा सारा संसार या एका गोष्टीवर उभा आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. दट्ट्या हवेला दाबून तिच्या मूळ जागेच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास आणतो. ती शेकडो अंश तापते आणि तीत तेलाचा फवारा सोडला की तेल आपोआप पेट घेते.

पण कडाक्याच्या थंडीत इंजिनाचे लोखंड गारठलेले असते. दाबलेल्या हवेची ऊब ते लोखंडच पिऊन टाकते. तेल पेटत नाही, नुसता पांढरा धूर निघतो. मग ही पहिली ऊब द्यायची कोणी, आणि किती वेळ? या साध्या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, तो ऐकण्यासारखा आहे.

इंग्लंडात हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० साली एका तेल-इंजिनाचे पेटंट घेतले. त्या इंजिनाला धातूची एक पोकळ कोठी असे. चालकाने ती बाहेरून ज्योत लावून काही मिनिटे तापवायची, मगच चाक फिरवायचे. जर्मनीतला लान्झ कंपनीचा ‘बुलडॉग’ ट्रॅक्टर १९२१ साली निघाला, त्याचीही रीत हीच. कोठी पुरेशी तापली की नाही, हे चालकानेच नजरेने ओळखायचे.

मधल्या काळात रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे कसोटीला उतरले होते. तेलातल्या उष्णतेपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक उष्णता त्याने कामी लावली. वाफेच्या इंजिनापेक्षा हे कितीतरी सरस. पण ते धूड गाडीवर चढणार कसे? बेंझ कंपनीतले प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ साली एक तोड काढली. सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी कोठडी ठेवायची, तेल आधी तीत पेटवायचे आणि ती आग मग सिलिंडरमध्ये सोडायची. या वाटेने इंजिन लहान झाले, आणि १९२३ साली बेंझचा डिझेल ट्रक तयार झाला.

मात्र कोठडी आली म्हणजे थंड भिंतीही वाढल्या, बरं का! सकाळी इंजिन अधिकच अडून बसू लागले. त्यावर उपाय म्हणून त्या कोठडीत विजेने लाल होणारी एक तार बसवण्यात आली. हाच ग्लो प्लग. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला हीटर प्लग म्हणतात. बॉश कंपनीने तो १९२२ पासून बनवायला घेतला. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेटपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली, तेही याच घराण्यातले.

जुन्या गाड्यांत या तारा एकसर जोडलेल्या असत. चालकासमोरच्या फळीवर त्याच माळेतली आणखी एक लहान तार दिसेल अशी बसवलेली असे. खटका ओढला की अर्ध्या-एक मिनिटात ती लाल होई. म्हणजे आतलेही प्लग लाल झाले, असे समजायचे. ती लाल झाली नाही तर माळेतला एखादा प्लग जळाला असण्याचा संभव मोठा. एकसर जोडणीत एक तुटला की सारेच थंड! पुढे पेन्सिलीसारखे प्लग आले, त्यांची जोडणी समांतर झाली. एक गेला तरी बाकीचे चालू राहतात.

त्यानंतर चालकाचे हे काम यंत्राकडे गेले. अमेरिकेत १९८३ साली फोर्डच्या मोठ्या पिकअप ट्रकांत इंटरनॅशनल हार्वेस्टरचे आठ सिलिंडरचे डिझेल इंजिन आले. तिथे प्लगना किती वेळ वीज द्यायची हे एक नियंत्रक ठरवी. चालकाने दिवा विझण्याची वाट पाहायची, इतकेच. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण गाड्या जुन्या झाल्या आणि नियंत्रक बिघडू लागले. कधी वीज मिळतच नाही; कधी ती थांबतच नाही, आणि आठही प्लग जळून जातात. उणे वीस अंशांच्या पहाटे ट्रक हलला नाही, तर शेतावरच्या जनावरांना चारा कसा पोचणार?

तेव्हा अनेक मालकांनी नियंत्रक काढून जुनी रीत पुन्हा आणली. फळीवर एक बटण, बटणापासून बारीक तारेने एक दणकट रिले, आणि रिलेपासून जाड तारेने प्लग. बारीक बटणातून सगळी वीज नेता येत नाही, कारण आठ प्लग मिळून सुरुवातीला शंभर अँपिअरच्याही वर वीज ओढतात. बटण दाबायचे, आठ-दहा सेकंद मोजायचे, सोडायचे आणि स्टार्टर मारायचा. इंजिन गरम असेल तर बटणाला हातही लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल, मग हेच आधीपासून का नाही केले? कारण बटणाला स्वतःची अक्कल नसते. बोट जास्त वेळ राहिले तर प्लगचे टोक फुगते, इंजिनाच्या डोक्यात अडकते आणि काढताना मोडते. मग दुरुस्ती प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होते. म्हणून बटण सोडताच बंद होणारेच हवे, आणि तारेच्या वाटेत योग्य फ्यूज हवा. असे प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा तर मुळीच मारू नये. तापल्या प्लगवर तो भलत्या वेळी भडकतो आणि इंजिन फुटते.

जुन्या चालकाला समोरची लाल तार दिसत होती. बटण बसवणाऱ्याला ती दिसत नाही, त्याला मोजावेच लागते. त्याच्या हाताखाली दुसरा कोणी गाडी चालवणार असेल, तर किल्लीबरोबर ही मोजणी आणि तिचे कारण, दोन्ही त्याला सांगितली पाहिजेत. शिक्षक मित्रांनो, वर्गात एकसर आणि समांतर जोडणी शिकवाल, तेव्हा दोन सेल आणि दोन बल्ब घेऊन हीच हकीकत मुलांना सांगा. पहिला बल्ब काढल्यावर दुसऱ्याचे काय होते, ते त्यांनाच पाहू द्या.