राज्य सरकारे, महामंडळे आणि राज्यघटनेच्या मर्यादा

जबलपूर : येथील दीक्षितपुऱ्यातील घरांना वीजदेयके पाठविणारी मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनी राज्य सरकारच्या मालकीची असली, तरी तिची नोंदणी केंद्राच्या कंपनी कायद्याखाली झालेली आहे. ही केवळ प्रशासकीय सोय नाही. राज्यांनी उद्योग-व्यवसायात कोणत्या मार्गाने आणि किती उतरावे, यावर राज्यघटनेने घातलेल्या मर्यादा तिच्यामागे आहेत.

व्यवसायाचा अधिकार : अनुच्छेद २९८ नुसार राज्यांना व्यापार-व्यवसाय करण्याचा, मालमत्ता संपादण्याचा व करार करण्याचा अधिकार आहे. मात्र विषय राज्याच्या विधानाधिकाराबाहेरील असल्यास हा अधिकार संसदेच्या कायद्याच्या अधीन राहतो. पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनासंबंधीच्या राम जवाया कपूर प्रकरणात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा व्यवसायासाठी प्रत्येक वेळी स्वतंत्र कायदा आवश्यक नाही. परंतु त्यावरील खर्चास विधिमंडळाची मंजुरी हवी.

महामंडळांची स्थापना : सातव्या अनुसूचीतील केंद्रीय सूचीच्या ४३ व्या नोंदीनुसार व्यापारी महामंडळांची स्थापना व नियमन हा संसदेचा विषय आहे. सहकारी संस्था त्यातून वगळल्या आहेत. राज्य सूचीच्या ३२ व्या नोंदीखाली राज्यांना उर्वरित महामंडळे स्थापता येतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वैधता याच मुद्द्यावर पणाला लागली होती. हे व्यापारी महामंडळ असल्याने १९६१ चा राज्य कायदा अवैध ठरतो, असा युक्तिवाद रामतनू सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९७० मध्ये फेटाळला. उद्योगांची वाढ हा कायद्याचा मूळ हेतू असून भूखंड देणे हे त्याचे साधन आहे, व्यापार नव्हे, असे न्यायालयाने मानले.

नागरिकांचे हक्क : मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याने शेतीच्या हंगामात विशिष्ट गावांतील विडीनिर्मितीवर बंदी घालण्याचा अधिकार प्रशासनास दिला होता. सागर जिल्ह्यातील चिंतामण राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ती तरतूद व्यवसाय-स्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध ठरवून रद्द केली. पुढे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६) मध्ये बदल झाला आणि राज्याला स्वतः किंवा आपल्या महामंडळामार्फत एखादा व्यवसाय, नागरिकांना पूर्णतः वा अंशतः वगळूनही, चालविण्याची मुभा मिळाली. तरीही अनुच्छेद १४ चे बंधन कायम आहे. सरकारी कंत्राटे व सवलती मनमानी पद्धतीने देता येत नाहीत, हे रमणा शेट्टी प्रकरणात (१९७९) प्रस्थापित झाले.

कर्ज व हमी : अनुच्छेद २९३(१) नुसार राज्य आपल्या संचित निधीच्या तारणावर कर्ज उभारू शकते व हमी देऊ शकते, विधिमंडळाने कायद्याने मर्यादा ठरविल्यास त्या मर्यादेतच. केंद्राचे कर्ज, किंवा केंद्राने हमी दिलेले कर्ज, थकीत असल्यास नव्या कर्जासाठी २९३(३) नुसार केंद्राची संमती आवश्यक ठरते. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने १९९६ नंतर राज्याच्या हमीवर रोखे विकून निधी उभारला. महामंडळाच्या नावे घेतलेल्या अशा कर्जाची परतफेड अखेर राज्याच्या तिजोरीवर येऊ शकते. अर्थसंकल्पातून फेडले जाणारे असे कर्ज राज्याचेच मानण्याची भूमिका केंद्राने २०२२ मध्ये घेतली. कर्जमर्यादेच्या प्रश्नावर केरळने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२४ रोजी पाच सदस्यांच्या घटनापीठाकडे सोपविला.

हिशेबाची जबाबदारी : ज्या कंपनीच्या भरणा झालेल्या भांडवलात सरकारचा किमान ५१ टक्के वाटा असतो, तिचे लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. राज्याच्या कंपनीचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे. कंपनीचे अस्तित्व स्वतंत्र असले, तरी तिच्या तोट्याचा भार अखेर वीजग्राहकावर किंवा करदात्यावर पडतो. त्यामुळे या तरतुदींचे पालन हा त्याच्याही हिताचा प्रश्न आहे.