कुबट वासाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तहनामे आठवतात. घरातल्या वासालाही इतिहास असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः दिवाळीपूर्वी घरोघरी जी झाडझूड आणि रंगसफेदी चालते, तिच्यात तो इतिहास अजून जिवंत आहे. चार महिने भिंतींनी प्यालेली ओल आश्विनाच्या उन्हात बाहेर काढायची, हे तिचे व्यावहारिक प्रयोजन.

कुरखेड्यास राहिल्यावर मला त्याचे मर्म अधिक उमगले. सती नदीकाठचे हे गाव पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ पासून ते गडचिरोलीत आले. भोवती धानाची शेते आणि त्यांपलीकडे जंगल. जुनी घरे मातीची किंवा बांबूच्या कुडाची, वर कवेलू. भाद्रपदात गोधडी, पेटीतले लुगडे, साठवणीची मोहफुले या साऱ्यांना एकच कुबट वास येऊ लागतो. त्यावर जुन्या बायकांनी लावून दिलेला क्रम मला एखाद्या दप्तराइतकाच मोलाचा वाटतो. मृगाआधी कवेलू फेरून गळती बंद करायची. पाऊस सरला की सारे सामान अंगणात उन्हाला घालायचे, भिंती छाबून त्यांना चुना द्यायचा आणि सर्वांत शेवटी कडुनिंबाच्या पाल्याचा किंवा राळेचा धूर करायचा.

धूर शेवटी, हे महत्त्वाचे. धुराचा मान आपल्याकडे फार जुना. जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, निंबाचा पाला, तूप आणि मीठ यांची धुरी द्यावी, असे सुश्रुतसंहिता सांगते. पुढे युरोपात तर दुर्गंध हेच रोगाचे मूळ, अशी समजूत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा सरकारी पथकांनी घरोघर कार्बोलिकचे पाणी ओतले, भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली. प्लेग मात्र हटला नाही. तो उंदरांवरील पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. पुण्यात याच मोहिमेतील झडत्यांनी लोक इतके संतापले की, २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली.

प्लेगवर निरुपयोगी ठरलेले ते चुना आणि ऊन ओलीवर मात्र रामबाण आहेत. ताजा चुना इतका दाहक असतो की त्यावर बुरशी धरत नाही आणि उन्हावाऱ्याने तिला लागणारा ओलावाच नाहीसा होतो. ओल्या मातीच्या वासामागील द्रव्याला शास्त्रज्ञांनी १९६५ साली ‘जिओस्मिन’ असे नाव दिले. सूक्ष्म जीव ते तयार करतात आणि त्याचा लवलेशही आपल्या नाकाला कळतो. म्हणून नुसत्या पुसण्याने असा वास जात नाही. त्याचा कारखाना बंद करावा लागतो.

आज कुरखेड्यातही सिमेंटची घरे उभी राहिली आहेत आणि त्यात वाईट काही नाही. पण स्लॅब पाझरत असतो, कपाट भिंतीला चिकटलेले असते, खिडकी डासांच्या भयाने मिटलेली असते आणि आपण सुगंधी फवारा मारून निर्धास्त होतो. म्हणजे शेवटची पायरी तेवढी आपण राखली, आधीच्या साऱ्या गाळल्या! जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. अशा घरांत दमा आणि श्वासाचे विकार बळावतात, असे तिचे सांगणे आहे. घरातले तान्हे मूल रात्रभर खोकत असेल, तर फवाऱ्याच्या सुगंधाने त्याला काय आराम पडणार?

तेव्हा वाचकहो, यंदा उदबत्ती लावण्याआधी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि त्यामागची भिंत हाताने चाचपून पाहा. गार नि ओलसर लागली, तर आधी पाणी कुठून मुरते ते शोधा. धूर मागाहून करता येईल.