प्रभातच्या दारातील उपोषण : बोलपटांच्या सुवर्णकाळातील कीर्ती, कुजबुज आणि करार

१/ जुलै १९३९. पुण्यातील प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकापाशी एक तरुणी उपोषणास बसली होती. 'कुंकू' चित्रपटातील नीरा म्हणून देशभर गाजलेली ती शांता आपटे. ज्या कंपनीने तिला कीर्ती दिली, त्याच कंपनीच्या दारात ती पगार आणि करार यांच्या वादावरून बसली होती. आजचा धागा या प्रसंगाविषयी.

२/ चित्रपटप्रेमींच्या गप्पांत हा प्रसंग अजूनही निघतो, पण बहुधा एका मानी नटीचा तऱ्हेवाईकपणा म्हणून. मी भिवंडीत टेमघरला राहते. आमच्याकडे यंत्रमागावरच्या कामगाराने मजुरीसाठी हात थांबवला, तर त्याला कोणी तऱ्हेवाईक म्हणत नाही; संप म्हणतात. मग शांताबाईंचे उपोषण संपाच्या इतिहासात न जाता किश्शांच्या पोतडीत का गेले?

३/ उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. अखेर अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी स्त्री म्हणजे लोकापवादाला आमंत्रण, ही समजूत तेव्हा इतकी पक्की होती.

४/ अठरा वर्षांनंतरही ती फारशी ढिली झाली नव्हती. १९३१ साली सुखवस्तू, सुशिक्षित घरातील दुर्गा खोटे यांनी 'फरेबी जाल'मध्ये लहानशी भूमिका केली आणि समाजात गहजब झाला. पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या आणि तोच समाज कौतुक करू लागला. प्रतिष्ठा घालवणारा सिनेमाच ती परतही देऊ शकत होता. मात्र ती द्यायची की नाही, हे स्टुडिओच्या हाती होते.

५/ आता स्टुडिओचा कारभार पाहू. प्रभातची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली, व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. त्या काळी नटनट्या आजच्यासारख्या चित्रपटागणिक मानधन घेत नसत. सुतार, शिंपी, रंगारी यांच्याप्रमाणेच त्या कंपनीच्या पगारी नोकर असत. कोणते चित्रपट करायचे आणि बाहेर काम घ्यायचे की नाही, हे करार ठरवी.

६/ शांता आपटे १९३४ साली 'अमृतमंथन'मधून प्रभातच्या पडद्यावर आल्या. १९३७ साली 'कुंकू' आला. हिंदीत 'दुनिया न माने'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील हा चित्रपट. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानण्यास नकार देते. ही बंडखोर मुलगी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली आणि प्रभातच्या लौकिकात भर पडली.

७/ म्हणजे पडद्यावरच्या बंडाचे उत्पन्न स्टुडिओच्या तिजोरीत जमा होत होते. तेच बंड पडद्याबाहेर, स्टुडिओविरुद्धच उभे राहिले तेव्हा काय झाले, हे पाहण्यापूर्वी आणखी एका सत्तेची ओळख करून घ्यायला हवी : नियतकालिकांची.

८/ १९३५ साली मुंबईत बाबूराव पटेल यांचे 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू झाले. त्यातील वाचकांच्या प्रश्नांना बाबूरावांची बोचरी उत्तरे हे मोठेच आकर्षण होते. कोण कोणाबरोबर दिसते, कोणाचे वजन वाढले, कोणाचा नखरा किती, हे सारे छापून येई आणि गल्लीतल्या कुजबुजीला छापील अक्षराचे वजन मिळे. त्याच अंकांत स्टुडिओंच्या पानभर जाहिरातीही असत.

९/ सागरापलीकडे हीच यंत्रणा अधिक प्रचंड होती. हॉलिवुडमध्ये लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर यांच्या स्तंभांतील चार ओळींनी नटनट्यांचे भवितव्य डळमळे. कराराने शरीर बांधलेले आणि स्तंभाने नाव बांधलेले, अशा दुहेरी दाव्यात कलावंत असत. बेटी डेव्हिस यांनी वॉर्नर ब्रदर्सचा करार झुगारण्याचा प्रयत्न केला; १९३६ साली लंडनच्या न्यायालयात त्या हरल्या. ऑलिव्हिया डी हॅविलंड याच कंपनीविरुद्ध १९४४ साली जिंकल्या आणि सात वर्षांपलीकडे करार ताणण्याची स्टुडिओंची प्रथा मोडली.

१०/ शांताबाईंचे उपोषण कालक्रमाने या दोन खटल्यांच्या मधोमध येते. त्यांनी हत्यार मात्र इथल्या मातीतले निवडले. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. अन्नत्यागाचा अर्थ लहान मुलालाही कळत होता. आणि जागा निवडली ती फाटकाची. बंद दालनातला वाद कुजबुज होऊन बाहेर पडतो, त्यात कोणी काहीही मिसळू शकतो. फाटकाशी बसलेली व्यक्ती साऱ्यांना दिसते. ज्या प्रसिद्धीने त्यांच्याभोवती वावड्या उठत, तीच त्यांनी साक्षीला बोलावली. या उपोषणाचे वेगळेपण मला इथे दिसते.

११/ प्रभातशी त्यांचे नाते तुटले. पण त्या संपल्या नाहीत. १९४१ साली मद्रासकडील तमिळ 'सावित्री'त त्या नायिका होत्या आणि नारदाच्या भूमिकेत होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ साली लाहोरच्या पंचोलींच्या 'जमीनदार'मध्ये त्यांनी काम केले. ज्या काळी कलावंताने एका कंपनीचे असावे अशी रीत होती, त्या काळी ही मराठी नटी पुणे, मद्रास, लाहोर अशी स्वतंत्रपणे वावरत होती.

१२/ त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या लिहित्या झाल्या. १९४० साली त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकावरून ते होतकरू मुलींसाठीचे उपदेशपर पुस्तक वाटेल. प्रत्यक्षात त्यात या धंद्यातील भांडवल, श्रम आणि कलावंताच्या शरीराची होणारी झीज यांचा विचार आहे. ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहायचे असा प्रघात होता, त्यांच्यातील एकीने लेखणी आपल्या हाती घेतली.

१३/ आता त्याच कंपनीतील पुरुषांकडे पाहा. केशवराव धायबर यांनी नटी नलिनी तर्खड यांच्याशी विवाह केला आणि ते प्रभातमधून बाहेर पडले. शांतारामांनी १९४१ साली जयश्री यांच्याशी विवाह केला आणि १९४२ साली वेगळे होऊन राजकमल कलामंदिर उभारले. चर्चा त्यांचीही झाली. पण इतिहासाने त्यांच्या जाण्याला 'नव्या संस्थेचा उदय' म्हटले. शांताबाईंच्या जाण्याला 'किस्सा'. भागीदाराला भांडवल घेऊन निघता येते, पगारी नटीला केवळ नाव घेऊन निघावे लागते. आणि त्या नावावर आधीच कुजबुजीची पुटे चढलेली असतात.

१४/ शांताबाईंनी 'फिल्मइंडिया'च्या कचेरीत शिरून बाबूरावांना छडीने झोडपले, हा किस्सा आजही चवीने सांगितला जातो. तो कितपत खरा, यापेक्षा मला एक गोष्ट अधिक अस्वस्थ करते : छडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांना पुस्तक ठाऊक नाही. १९६४ साली शांताबाई गेल्या. मागे 'कुंकू' उरला, छडी उरली. कराराचे भांडण पुसट झाले.

१५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मग कुजबुज टाकून द्यावी का? मुळीच नाही. कंपनीच्या दप्तरात ज्यांचा आवाज नोंदला गेला नाही, त्यांचा माग पुष्कळदा वावड्यांतूनच लागतो. मात्र ती वाचताना विचारायला हवे : ही गोष्ट कोणी सांगितली, कोणाच्या सोयीची होती आणि जिच्याविषयी होती तिला उत्तर देण्यास जागा होती का? 'नखरेल', 'भांडखोर', 'डोक्यात हवा गेलेली' अशी विशेषणे जुन्या सिनेमासिकांत भेटली, की मी आता त्यांच्यामागे थकलेला पगार किंवा न सुटणारा करार दडला आहे का, ते शोधते.

१६/ प्रभात १९५३ साली बंद पडली. १९६० पासून त्याच आवारात चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. पुण्यास गेलात तर विधी महाविद्यालय रस्त्यावरून जाताना त्या आवाराकडे जरूर पाहा. इथे संत तुकाराम पडद्यावर उभे राहिले, हे सारेच सांगतात. इथल्याच फाटकाशी एका कामगार स्त्रीने हक्कासाठी उपोषण केले, हे तुम्ही बरोबरच्यांना सांगा.

घरात कोणाकडे त्या काळची सिनेमासिके जपून ठेवलेली असतील, तर खाली अवश्य लिहा. धागा इथे संपवते.