स्थिर लिनक्स आणि घरचा खासगीपणा

ज्या संगणकावर मनुष्य आपलीं पत्रें लिहितो, हिशेब ठेवतो आणि बँकेचे व्यवहार करितो, त्या यंत्राचा अंतर्गत कारभार कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न दाराला कुलूप कोणतें लावावें या प्रश्नाइतकाच जिव्हाळ्याचा आहे. लिनक्सचीं वितरणें आज शेंकड्यांनीं आहेत. त्यांतून निवड करितांना 'स्थिर' या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, याचें उत्तर डेबियन या वितरणाच्या इतिहासांत चांगलें सांपडतें.

ऑगस्ट १९९१ मध्यें हेलसिंकी विश्वविद्यालयांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण एक नवी कार्यप्रणाली रचीत असल्याचें जाहीर केलें. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. परंतु नुसता गाभा सामान्य माणसाच्या उपयोगीं पडत नाहीं. त्याच्या भोंवतीं अनेक आज्ञावल्या जुळवून व तपासून एकत्र द्याव्या लागतात. अशा जुळणीस वितरण म्हणतात. अमेरिकेंतील पर्ड्यू विश्वविद्यालयाचा विद्यार्थी इयन मर्डॉक यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं डेबियनची घोषणा केली. डेब्रा आणि इयन या दोन नांवांच्या जोडणीतून हें नांव झालें. १९९७ सालीं या मंडळीनें एक सामाजिक करारनामा प्रसिद्ध केला. आपल्या कामांतील दोष लपविले जाणार नाहींत, असें त्यांतील एक कलम आहे.

या मंडळीची रीत अशी. नवी आज्ञावली प्रथम 'अस्थिर' शाखेंत येते. या शाखेस सिड म्हणतात. 'टॉय स्टोरी' या चित्रपटांत खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें हें नांव. तेथें मोठा दोष न आढळल्यास ती 'चाचणी' शाखेंत जाते, आणि सुमारें दोन वर्षांनीं त्या शाखेची 'स्थिर' आवृत्ति बनते. त्यानंतर तींत नवे गुण सहसा भरीत नाहींत. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मात्र चालू राहतात.

इतकी दक्षता असूनही २००६ सालीं एक मोठी चूक झाली. गुप्त किल्ल्या घडविणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलींतील थोडा मजकूर निरुपयोगी समजून गाळण्यांत आला. त्यायोगें किल्ली घडतांना जी अनिश्चितता मिसळावी लागते, ती जवळजवळ नाहींशी झाली. अगणित किल्ल्यांच्या जागीं प्रत्येक प्रकारच्या सुमारें ३२ हजारच उरल्या; तितक्या एकामागून एक लावून पाहणें चोरास सहज शक्य होतें. एप्रिल २००७ च्या स्थिर आवृत्तींतही हा दोष शिरला. लुसियानो बेलो यानें तो शोधला आणि १३ मे २००८ रोजीं मंडळीनें तो स्वतः जाहीर केला. दुर्बल किल्ल्या टाकून नव्या घडविण्याचें काम जगभर करावें लागलें.

२०२४ सालीं याच्या उलट घडलें. एक्सझेड या आज्ञावलींत जिया टॅन या नांवानें वावरणाऱ्या कोणीं दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादून चोरवाट ठेविली. दूरच्या संगणकांत प्रवेश करितांना सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, याचा शोध घेतां घेतां आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास ती सांपडली, आणि २९ मार्च रोजीं त्यानें ती उघड केली. तोंपर्यंत ती डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत पोहोंचली होती. स्थिर आवृत्ति मात्र बचावली.

तात्पर्य, स्थैर्य म्हणजे निर्दोषता नव्हे. दुरुस्त्या किती वर्षें मिळणार आणि चूक झाल्यास ती उघड सांगितली जाते कीं नाहीं, या दोन गोष्टी पाहूनच वितरण निवडावें. डेबियनच्या स्थिर आवृत्तीस एकंदर सुमारें पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात.

मात्र उत्तम कार्यप्रणालीही खासगीपणाचा एक भागच सांभाळते. डेबियनवरच आधारलेलें टेल्स हें वितरण सर्व दळणवळण टोर नामक जाळ्यांतून नेतें आणि संगणकावर सहसा मागमूस ठेवीत नाहीं. परंतु ज्यानें आपलें नांव, पत्ता व जन्मतारीख स्वतःच्या हातानें लिहून दिली, त्याचें रक्षण तेंही करूं शकत नाहीं. दुरुस्त्या वेळेवर घेणें आणि गरजेवांचून माहिती न देणें, हें काम अखेर घरच्या माणसांनींच करावयाचें आहे.